ओसेनआजी होती की नव्हती? सोका सेंबेईचं प्रकरण

टोकियोहून उत्तरेला जाणारी तोबु रेल्वे किता-सेंजू सोडते, आराकावा नदी ओलांडते आणि पाव तासाच्या आत सोका येतं. सैतामा प्रांतातलं हे अडीच लाख वस्तीचं शहर. सकाळी टोकियोला जायचं आणि रात्री झोपायला परत यायचं, असं जगणाऱ्या नोकरदारांचं गाव. स्टेशनाबाहेर एका बाईचा पुतळा आहे. तिचं नाव ओसेन. गावात सेंबेईची, म्हणजे तांदळाच्या भाजलेल्या कडक चकत्यांची, पिढीजात दुकानं बरीच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी तिची गोष्ट असते. ही ओसेन बहुधा कधी जन्मालाच आली नव्हती.

प्रकरण तिच्या नावावर चालणाऱ्या धंद्याचं आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला जो इतिहास सांगतो तोच रचलेला निघाला, तर दुकानाच्या जुनेपणाचं काय उरतं? या प्रश्नासाठी सोकाइतकं सोयीचं गाव मिळायचं नाही. कारण इथे रचलेली गोष्ट आणि टिकलेला धंदा शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांचंही बरं चाललं आहे.

आधी पदार्थ. सेंबेई या एका शब्दाखाली जपानात बराच गोतावळा आहे. क्योतो-ओसाकाकडे गव्हाच्या पिठाची गोड सेंबेई. नाराच्या हरणांना यात्रेकरू घालतात ती कोंड्याची. मोचीच्या चिकट तांदळाची केली तर ती सेंबेईच नव्हे, तिला आरारे किंवा ओकाकी म्हणायचं. सोकाची सेंबेई जेवणातल्या साध्या तांदळाची, म्हणजे उरुचीची. तळहाताएवढी गोल चकती, विस्तवावर भाजलेली, सोय सॉस लावलेली आणि दाताची परीक्षा घेणारी कडक. गावाच्या शुभंकराचं नाव पारिपोरि-कुन. ‘पारि-पोरि’ हा खाताना होणारा आवाज आहे, आपलं कुरुमकुरुम.

गोष्ट, सांगतात तशी

निक्कोला जाणाऱ्या रस्त्यावर सोकाच्या मुक्कामी ओसेन नावाची बाई चहाचं दुकान चालवायची आणि दांगो विकायची. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठीचे उकडलेले गोळे. ताजे असतील तर मऊ, शिळे झाले की दगड. संध्याकाळी उरलेले दांगो ती नाइलाजाने नदीत टाकायची. एके दिवशी एक सामुराई तिथून चालला होता. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, बाई, टाकतेस कशाला? चपटे कर, उन्हात वाळव आणि भाजून वीक. तिने तसं केलं, लोकांना आवडलं, आणि सोका सेंबेई जन्माला आली.

गोष्ट सुटसुटीत आहे. मला मात्र ती पहिल्यांदा ऐकतानाच खटकली. ज्या मुलखात प्रवासाला निघताना शिजवून वाळवलेला भात, होशिई, बरोबर बांधून घ्यायची शतकानुशतकांची रीत, तिथल्या जन्मभर तांदूळ हाताळणाऱ्या बाईला वाळवण शिकवायला तलवारवाला माणूस यावा लागला? आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड्या घालणाऱ्या कुठल्याही बाईला ही गोष्ट सांगा, ती सामुराईलाच कोपऱ्यात बसवून कावळे हाकायला लावेल.

गावातले जाणते लोकही काही लपवत नाहीत. ही कथा शोवा काळात, म्हणजे विसाव्या शतकात, रचली गेली असं मानलं जातं. धंदा जुना होताच, त्याला चेहरा हवा होता, तो दिला गेला.

पिंपांचा हिशेब

ओसेन बाजूला केली की उरतो तो इतिहास जरा बिनचेहऱ्याचा आहे, पण मला तो जास्त चविष्ट वाटतो.

सोकाच्या आसपासचा सगळा भाग सखल, पाणथळ, भातशेतीचा. इथले शेतकरी उरलेला भात कुटून चपटा करायचे, मीठ घालून वाळवायचे आणि भूक लागली की भाजून खायचे. ही शिओ-सेंबेई, मिठाची सेंबेई. शेतावरची न्याहारी, विकायचा माल नव्हे. रस्त्यावर वर्दळ वाढली तशी ती मुक्कामाच्या दुकानांत आली. इथवर कुणा एकाचं श्रेय काढता येत नाही.

मग सोय सॉस आला. तो कधी आला, हे एका आकड्यावरून बरंच उलगडतं. सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चांगला सोय सॉस म्हणजे ओसाकाकडून जहाजाने येणारा. कांतो प्रदेशातला, म्हणजे एदोच्या भोवतालचा, दुय्यम समजला जाई. १८२१ सालचा हिशेब पाहिला तर चित्र पार उलटं झालेलं दिसतं. त्या वर्षी एदोत आलेल्या १२.५ लाख पिंपांपैकी तब्बल १२.३ लाख कांतोतली होती. ही पिंपं मुख्यतः नोदा आणि चोशी या गावांतली. नोदा सोकापासून पूर्वेला जवळच. तिथल्या घराण्यांनी १९१७ साली एकत्र येऊन जी कंपनी काढली तीच आजची किक्कोमान. चोशी तोने नदीच्या मुखाशी. तिथल्या हिगेताची सुरुवात १६१६ची, यामासाची १६४५ची.

म्हणजे गडद, झणझणीत वासाचा कांतो सोय सॉस साध्या माणसाच्या खिशाला परवडेल इतका मुबलक झाला तो एदो काळाच्या, म्हणजे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) राजवटीच्या, उत्तरार्धात. सेंबेईवर तो चढला तोही तेव्हाच. भाषेने याचा पुरावा जपून ठेवला आहे. जुने टोकियोकर सोय सॉस लावलेल्या सेंबेईलाही शिओ-सेंबेईच म्हणत. मीठ गेलं, नाव राहिलं.

सोकाच्या नामांकित दुकानांपैकी इकेदाया आपली सुरुवात १८६५ची सांगतं. जपानात शोगुनांची सत्ता संपवून सम्राटाकडे नेणारी मेइजी क्रांती झाली १८६८ला. म्हणजे हे ‘फार जुनं’ दुकानही तोकुगावा राजवट शेवटच्या घटका मोजत असतानाचं. गोष्टीतल्या ओसेनला आपण मनातल्या मनात भर सामुराईंच्या काळात नेऊन बसवतो. दुकानांच्या पाट्या आणि पिंपांचे आकडे तिला इकडे, आगगाडीच्या युगाच्या तोंडाशी, ओढून आणतात.

रस्ता आणि न झालेला मुक्काम

सोका हे गाव रस्त्यासाठी वसवलेलं. एदोतल्या निहोनबाशी पुलावरून निघणाऱ्या निक्को राजमार्गावर पहिला मुक्काम सेंजू, दुसरा सोका. अधिकृत मुक्काम म्हणून त्याची स्थापना १६३०ची. त्याआधी दलदलीमुळे रस्ता वळसा घालून जायचा. ओकावा झुशो नावाच्या पुढाऱ्याने झाडांच्या फांद्या आणि गवत टाकून दलदल भरली आणि सरळ रस्ता काढला. शिकारीला आलेल्या शोगुन हिदेतादाला रस्ता आवडला, आणि गवत घालून केला म्हणून ‘सोका’ हे नाव पडलं, अशी आख्यायिका. ‘सो’ची चित्रलिपी गवताची, ‘का’ची भर घालण्याची. ही गोष्टही किती खरी ते विचारू नये, पण दलदल खरी होती.

एदोच्या लोकांना या नावाची गंमत वाटे. जपानीत ‘सोऽका’ म्हणजे ‘असं का!’ कुणी ‘सोऽका’ म्हटलं की दुसरा पटकन जोडायचा, ‘सोका-कोशिगाया सेंजूच्या पुढे.’ कोशिगाया हा सोकाच्या पुढचा मुक्काम. आपल्याकडच्या यमक जुळवणाऱ्या कोट्यांसारखाच हा प्रकार, अर्थ शून्य पण तोंडात बसलेला.

याच रस्त्याने १६८९ साली कवी बाशो उत्तरेच्या मोठ्या पायी प्रवासाला निघाला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे की जिवंत परत आलो तर आलो, अशा अनिश्चित आशेवर चालत पहिल्या दिवशी कसाबसा सोका नावाच्या मुक्कामी पोचलो. खांद्यावरच्या ओझ्याने हाडं दुखत असल्याची तक्रारही तिथेच. जपानी साहित्यात सोकाचं नाव अजरामर झालं ते या ओळींमुळे. पण त्याच्याबरोबर सोरा नावाचा शिष्य होता आणि तो काटेकोर रोजनिशी लिहायचा. तिच्यात त्या रात्रीचा मुक्काम कासुकाबेचा आहे, सोकाच्या बराच पुढचा.

म्हणजे गावाच्या तीन मोठ्या गोष्टींपैकी नावाची गोष्ट आख्यायिका, बाशोचा मुक्काम कवीची सोय आणि ओसेन कल्पना. गावाच्या नावाचा अर्थच ‘असं का!’ असल्यावर अधिक काय बोलणार.

आणि तरी आयासे नदीच्या काठाने दीड किलोमीटर पाइनची झाडं उभी आहेत, दगडी वाट आहे, जुना धक्का आहे, जिथून तांदूळ होड्यांनी एदोला जायचा. २०१४ साली या झाडांच्या रांगेला बाशोच्या प्रवासाशी जोडून राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला. सरकारला सोराची रोजनिशी माहीत नव्हती असं नाही. बाशोने तिथे रात्र काढली नसली, तरी त्या दिवशी तो त्या रस्त्याने चालत गेला. स्थळाला दर्जा मिळाला तो रस्त्यामुळे.

मधल्या काळात ही झाडं जवळजवळ संपली होती. रस्त्यावर मोटारी वाढल्या, धुराने पाइन वाळत गेले आणि एकेकाळी जेमतेम साठेक उरले. गावकऱ्यांनी लावून लावून ते पुन्हा वाढवले. आता ते ६३४ आहेत, टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीइतके. आकडा मुद्दाम जुळवलेला आहे: सहा-तीन-चार जपानीत ‘मु-सा-शि’ असं वाचता येतं, आणि मुसाशी हे या प्रांताचं जुनं नाव. गोष्ट रचायची खोड या गावाला आजही आहे, फक्त या वेळी त्यासाठी झाडं लावावी लागली.

विस्तवाशी

इथे मराठी माणसाला एक सुख आहे. सेंबेई कशी करतात हे सांगायला परका शब्द जवळजवळ लागत नाही. तांदूळ धुऊन दळायचे. पिठीची उकड काढायची. ती गरम असतानाच मळायची, कुटायची. लाटून चकत्या पाडायच्या. मग वाळवण. पूर्वी बांबूच्या चटयांवर उन्हात, आता बहुतेक ठिकाणी गरम हवेच्या यंत्रात. हे वाळवण एका दमात उरकायचं नसतं. थोडं वाळवायचं, मग चकत्या तशाच ठेवून द्यायच्या, म्हणजे आतली ओल कडेपर्यंत सारखी पसरते, मग पुन्हा वाळवायचं. शेवटी साधारण दहा ते पंधरा टक्के ओल उरते. या कच्च्या चकतीला म्हणतात किजी.

पापड करणाऱ्यांना इथवर सगळं ओळखीचं वाटेल. इथून पुढे मात्र पापडाशी नातं तुटतं. पापड विस्तवावर टाकला की फुलतो, वाकतो, क्षणात होतो आणि फुलला तरच चांगला. सोका सेंबेईत फुलणं हाच दोष.

सोकामध्ये पर्यटकांना हाताने सेंबेई भाजू देणाऱ्या जागा आहेत. शहराच्या पारंपरिक उद्योगांच्या ‘पारिस्से’ नावाच्या दालनातही ही सोय असते. अशाच एका ठिकाणी मी बसलो. पुढ्यात जाळी, खाली धग, एका हातात लांब काड्या आणि दुसऱ्या हातात ओशिगावारा. हे या धंद्याचं खरं हत्यार. ओशि म्हणजे दाबणं, गावारा म्हणजे कौल. वर मूठ असलेला भाजक्या मातीचा गोल ठोकळा, तळाला सपाट.

चकती जाळीवर ठेवली. पहिला थोडा वेळ काहीच होत नाही, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. मी इकडेतिकडे बघितलं तेवढ्यात चकतीची एक कड मऊ पडून वर उचलली गेली. समोर बसलेले कारागीर आजोबा म्हणाले, “ओक्याकु-सान, हात थांबवू नका.” ओक्याकु-सान म्हणजे गिऱ्हाईकराव. मी घाईने कौल दाबलं. जोर जास्त झाला, चकतीला तडा गेला. दुसरी घेतली. या वेळी घाबरून उशिरा दाबलं, मध्ये करंगळीच्या नखाएवढा फोड आला आणि तो फोडच आधी काळा झाला. आजोबांनी माझ्या काड्या अलगद काढून घेतल्या आणि तिसरी स्वतः भाजून दाखवली. उलट, दाब, उलट, दाब. दाबणं क्षणभरच, चुलीवरची भाकरी फडक्याने टेकवतात तेवढंच. कौल एकदा मध्यावर पडायचं, एकदा कडेला. चकती आधी पांढुरकी झाली, मग मळकट पिवळी, मग तिच्यावर तो रंग आला ज्याला जपानीत कोल्ह्याचा रंग म्हणतात. कोल्हा म्हणजे इनारी या भाताच्या देवतेच्या देवळातला, तपकिरी-सोनेरी.

आत काय होतं ते साधं आहे. उरलेल्या ओलीची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट शोधते. मोकळं सोडलं तर ती एका जागी जमून फुगा करते. कौलाने दाबलं की ती चकतीभर पसरते, बारीक बारीक छिद्रांतून निघून जाते. चकती घट्ट राहते आणि तोंडात मोडताना एकदम, कडाडून मोडते. धग जास्त असली तर बाहेर करपून आत कच्ची. वाळवण कमी पडलं असेल तर कितीही कौशल्याने दाबा, ती फुगणारच. म्हणून दोष भट्टीवर दिसला तरी त्याचं मूळ बहुतेक वेळा दोन दिवस मागे, वाळवणात असतं.

भाजून काढल्या काढल्या ब्रशने सोय सॉस. गरम चकतीवर तो चुरचुरतो, आणि त्या एका क्षणाचा वास ही दुकानाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त जाहिरात. रस्त्यावरच्या माणसाला आत ओढायला त्याहून काही लागत नाही. ओसेन तर नाहीच.

आगगाडी, बादशहा, वसाहत

नाव गावाबाहेर कसं गेलं, ते थोडक्यात सांगतो, कारण यात आश्चर्याचं फारसं काही नाही. १८९९ साली तोबु रेल्वे आली आणि सोकाला स्टेशन मिळालं. टोकियोला जाताना हातात घेऊन जायची वस्तू म्हणून सेंबेई चपखल बसली: हलकी, टिकाऊ, स्वस्त. १९१२ साली कावागोए इथे लष्कराच्या मोठ्या कवायतींच्या वेळी सोकाची सेंबेई तैशो सम्राटाला नजर करण्यात आली. राजाने खाल्ली म्हणजे प्रजेने खायचीच, हे जपानातही चालतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अडचण झाली. १९४२च्या अन्नधान्य नियंत्रण कायद्याने तांदूळ सरकारच्या ताब्यात गेला. ज्या देशात भात मोजून मिळत होता तिथे तांदळाचा खाऊ करणाऱ्याला कोण विचारतो.

युद्धानंतर सोका बदललं ते कायमचं. १९५८ला नगराचं शहर झालं. १९६२ला इथे ५,९२६ घरांची सोका-मात्सुबारा ही सरकारी वसाहत उभी राहिली, पूर्वेकडच्या देशांतली सगळ्यात मोठी म्हणून तेव्हा मिरवलेली. भाताच्या खाचरांवर इमारती आल्या, आणि त्यांचं सांडपाणी आयासे नदीत. १९८० ते १९९४, सलग पंधरा वर्षं, ही नदी देशातल्या मोठ्या नद्यांच्या यादीत सगळ्यात घाण ठरत होती. ओसेन ज्या नदीत दांगो टाकत होती असं सांगतात तिची ही अवस्था, आणि त्याच काळात ओसेनची गोष्ट पिशव्यांवरून घरोघर जात होती. मला हे दोन प्रकार वेगळे वाटत नाहीत. वसाहतीत राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना या गावाचं काही माहीत नव्हतं. त्यांना पिंपांचे आकडे कोण सांगणार? आजीची गोष्ट सांगता येत होती. गाव हातातून निसटत असताना लोकांनी एक पूर्वज उभा केला, असं मी त्याकडे पाहतो.

नाव कुणाचं

आता प्रकरणाच्या गाभ्याशी. नाव मोठं झालं की कुणीही ते वापरतं. कडक, गोल, सोय सॉसची तांदळाची चकती दिसली की जपानी माणूस तिला ‘सोका सेंबेई’ म्हणू लागला, ती कुठेही बनो. कारखान्यातून पट्ट्यावरून पडलेली असो, परमुलखातल्या तांदळाची असो. गावाच्या दुकानदारांपुढे तेव्हा खरी अडचण आली: आमची कोणती, हे सांगायचं कसं?

२००६ साली जपानात गावाचं नाव आणि मालाचं नाव जोडून सामूहिक व्यापारचिन्ह घेण्याची सोय झाली. ते एका दुकानाला मिळत नाही, संघटनेला मिळतं. सोका सेंबेईने ते घेतलं. शिवाय पारंपरिक स्थानिक खाद्यपदार्थांसाठी ‘होनबा नो होनमोनो’, म्हणजे ‘अस्सल गावचं अस्सल’, असं एक प्रमाणचिन्ह आहे, तेही मिळवलं. त्यासाठी लिहून द्यावं लागलं की सोका सेंबेई म्हणजे नेमकं काय.

ते निकष वाचण्यासारखे आहेत. माल सोका आणि लगतच्या याशिओ, कोशिगाया, कावागुची या पट्ट्यातच बनलेला हवा. तांदूळ कांतो आणि आसपासचा, उरुची. भाजणं ओशिगावाराने दाबून, किंवा त्या दाबाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर. आणि कामावर देखरेख किमान १० वर्षं या धंद्यात घालवलेल्या कारागिराची.

या यादीत ओसेन कुठेच नाही. सामुराई नाही, नदी नाही, बाशो नाही. जेव्हा ‘शपथेवर सांगा, तुमचं जुनेपण कशात आहे’ असं विचारलं गेलं, तेव्हा दुकानदारांनी तांदूळ, कौल आणि दहा वर्षांचा हात एवढंच पुढे केलं. पुतळा बाहेर चौकात ठेवला आणि कागदावर हत्यार लिहिलं. हा फरक त्यांना आधीपासून ठाऊक होता, असं मला वाटतं.

निकषांत दोन तडजोडी आहेत आणि त्यांवर नाक मुरडणारेही भेटतात. एक, सोका सेंबेई सोकाबाहेरही बनू शकते. पण शहराच्या हद्दी आज कागदावरच्या आहेत. सेंबेई करणारी शेतघरं त्या हद्दींच्या आधीची. दोन, यंत्राला मुभा आहे. इथे मी दुकानदारांच्या बाजूचा आहे. हातानेच भाजली पाहिजे असा नियम केला असता तर सोका सेंबेई ही प्रदर्शनात बघायची वस्तू झाली असती, चहाबरोबर खायची राहिली नसती. नियम यंत्राला परवानगी देतो, पण यंत्राने कौलासारखं दाबलं पाहिजे असं म्हणतो. म्हणजे मोजपट्टी अजून कौलच.

याच्या उलट उदाहरणही कांतोतच आहे. सोय सॉसच्या त्याच चोशी गावात एक छोटी विजेची रेल्वे आहे. प्रवासी घटले, पैसे संपले, म्हणून तिने १९९५पासून नुरे-सेंबेई, म्हणजे सोय सॉसमध्ये भिजवलेली मऊ सेंबेई, विकायला सुरुवात केली. २००६मध्ये परिस्थिती इतकी बिकट झाली की कंपनीने सरळ लोकांना सांगितलं: सेंबेई घ्या हो, गाडीच्या दुरुस्तीचे पैसे उभे करायचे आहेत. देशभरातून मागण्या आल्या आणि रेल्वे वाचली. तिथे गोष्ट खरी होती, ताजी होती, तिचा हिशेब वहीत होता. विकली तीही जोरात. त्यामुळे गोष्ट खोटीच हवी असं नाही, किंवा जुनीच हवी असंही नाही. सेंबेई मात्र हवी. रेल्वेची सेंबेई बेचव असती तर दया दाखवून लोकांनी एकच पुडा घेतला असता.

सोकाच्या दुकानांपुढचं आजचं संकट गोष्टीशी संबंधित नाहीच. २०२४च्या उन्हाळ्यात जपानात तांदूळ दुकानांतून गायब झाला आणि २०२५च्या वसंतात ५ किलोच्या पिशवीचा सरासरी भाव ४,००० येनच्या वर गेला, वर्षभरापूर्वीच्या जवळपास दुप्पट. बिस्किटवाला लोणी कमी करतो, साखर बदलतो. सेंबेईत तांदूळ, सोय सॉस, विस्तव आणि हात एवढंच. त्यात तांदूळ ‘कांतो आणि आसपासचा’ असं कागदावर लिहून दिलेलं. महागाई लपवायला जागाच नाही. चकती लहान करावी तर गिऱ्हाईक तळहातावर ठेवून लगेच ओळखतं.

परतताना मी एका दुकानात गेलो. गल्ल्याजवळ खालच्या फळीवर, भेटीच्या चकचकीत डब्यांपासून जरा दूर, साध्या पारदर्शक पिशव्या होत्या. तुटलेल्या सेंबेई, स्वस्त. सेंबेईच्या धंद्यात अशा तुकड्यांना क्यूसुके म्हणतात. क्यूसुके हे पुरुषाचं नाव आहे, आपल्याकडे सखाराम म्हणावं तसं. हे नाव कसं पडलं याची एक व्युत्पत्ती सांगतात: ‘क्यू’ म्हणजे नऊ, दहा पूर्ण भरले नाहीत म्हणून नऊचा तो क्यूसुके. लिहितात मात्र वेगळ्याच अक्षराने. मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, हा क्यूसुके कोण होता हो? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ओसेन-सानच्या शेजारी राहायचा असेल.”

मी दोन पिशव्या घेतल्या. गाडीत एक फोडली. डब्यातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं इतका आवाज झाला.